दिवाडी बेटावर भाड्याच्या सायकली: सायकल घ्या, टूर घेऊ नका

आधीच सांगते, मी सायकलवाली नाही. शाळेत असताना फोंड्यात चालवायची, नंतर स्कूटर आली आणि विषय संपला. पण भाची पुण्याहून चार दिवस आली होती आणि तिला बीच नको होता, "मावशी गर्दी नसेल तिथे ने" एवढंच तिचं म्हणणं, म्हणून नवऱ्याने फोनवर शोधून दिवाडीची, म्हणजे जुन्या गोव्यासमोरच्या मांडवीतल्या बेटाची, सायकल टूर बुक केली. जानेवारीतला शनिवार. जाहिरातीत लिहिलं होतं स्लो सायकलिंग, नदीकाठाने, आरामात, सगळ्या वयांसाठी. हे "आरामात" लक्षात ठेवा, त्याच्यावरच माझं सगळं भांडण आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. गोवा लहान आहे, उद्या लग्नात कोणाच्या तरी शेजारी बसायचं असतं.

तर सकाळी साडेसात जुन्या गोव्याला, फेरीच्या रस्त्यावर भेटायचं. आम्ही बाणस्तारीवरून वेळेत पोचलो, सायकली आल्या आठला. सायकली बऱ्या होत्या हे मान्य करते, गिअरवाल्या, ब्रेक घट्ट, हेल्मेट मात्र एकच माप सगळ्यांना, भाचीचं सारखं डोळ्यांवर येत होतं. सीट म्हणजे दगड. दुसऱ्या दिवशी घरची छोटी उशी नेली बांधून, हसू नका, तुम्हीही न्याल. माझ्या सायकलचा तिसरा गिअर पडायचाच नाही, दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर, पण दिवाडीचा खालचा रस्ता इतका सपाट आहे की गिअर नसता तरी चाललं असतं.

गाईड पोरगा गोड होता, आम्हाला ताई-काका म्हणत होता, राग येऊच नये असा. पण फेरीकडे जाताना ती दगडी कमान लागते ना, व्हाइसरॉयची, तिच्याखाली थांबवून म्हणतो वास्को द गामा याच दारातून गोव्यात आला. अरे बाबा, वास्को 1524 मध्ये कोचीनला वारला, आणि कमान उभी केली त्याच्या पणतूने, तो 1597 मध्ये व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा, पणजोबाच्या आठवणीत. वर पुतळा पणजोबाचा आहे म्हणून तो आत आला असं होत नाही. मी काही बोलले नाही, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, एवढंच. आमच्याबरोबर ग्रुपमध्ये बंगलोरचे चौघे होते त्यांनी ते लिहून घेतलं.

आता फेरी. दिवाडीला रस्त्याचा पूल नाही, येणं-जाणं सगळं फेरीबोटीने, जुन्या गोव्याकडून एक, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याकडे जाणारी एक, शिवाय आणखी एक धक्का आहे तो आम्ही वापरला नाही. गंमत म्हणजे कोकण रेल्वे बेटावरून जाते, पूल दिसतो, गाडी खडखडत जाते, पण स्टेशन नाही, स्टेशन नदीच्या अलीकडे करमळीला. म्हणजे मुंबईची गाडी रोज दारावरून जाणार आणि दिवाडीच्या माणसाला ती पकडायला आधी बोटीत बसावं लागणार. आम्ही चालत्या माणसांसारखेच सायकली ढकलत चढलो, आमच्याकडून कोणी काही घेतलं नाही. मांडवी त्या वेळी एकदम शांत होती, पाण्यावर थोडं धुकं, मागे चर्चची पांढरी टोकं. भाचीने फोन काढला आणि परत ठेवला. हे मला आवडलं.

पण इथूनच घाई सुरू. धक्क्यावर उतरलो तर पोरगा म्हणतो चला चला, साडेदहाची फेरी परत पकडायची आहे, अकराची दुसरी बॅच आहे. आता धक्क्यापासून बेटावरच्या पियेदाद गावापर्यंतचा रस्ता ज्याने बघितलाय त्याला कळेल मी का चिडले. तो रस्ता पळवायचा नाहीच. सरळ, दोन्ही बाजूंना खाजन, कापणी होऊन गेलेली शेतं, मधेच एखादा हिरवा वाफा, पाण्याच्या पट्ट्या, बगळे आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. धक्क्याजवळ तिवराची झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची पेन्सिलीसारखी मुळं, भाचीला वाटलं कोणी काड्या रोवल्यात. तिला सांगायला लागले की ही मुळं श्वास घेतात, चिखलात हवा नसते म्हणून वर येतात, तेवढ्यात पुढून शिट्टी. शिट्टी! शाळेच्या सहलीसारखी.

एक मानस लागली वाटेत, बांधातलं लाकडी दार असतं ते. माझ्या आजोळी होती तशीच, म्हणून मी थांबले, शिट्टी वाजू दे म्हटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून वाचवलेली जमीन, आणि त्या बांधाला ही मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं, मोटर नाही वीज नाही. पावसाळ्यात आत भात, तो पण खारेपणा सोसणारा, आमच्याकडे कोरगुट म्हणतात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. पाणी किती आत घ्यायचं किती नाही याचं सगळं गणित त्या एका फळीवर. एक बांध फुटला तर पलीकडच्या दहा जणांची शेतं जातात, त्यामुळे जुन्या काळी बांध बघणं हे सगळ्या गावाचं काम होतं. गाईडला विचारलं तर म्हणाला "हे पाण्याचं गेट आहे." बरं.

मग पियेदादची चढण. चर्च टेकडीवर आहे, रस्ता छोटाच पण जीव काढतो, मी उतरून चालत गेले आणि त्याची लाज नाही. वरून मात्र बघाच, सगळी शेतं पसरलेली, मांडवी वळसा घेऊन जाते, पलीकडे जुना गोवा झाडांमधून डोकं काढून. चर्चच्या शेजारी दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्यात जुन्या देवळाचा भाग राहिलाय असं सांगतात. तिथे आम्हाला फोटोसाठी सात मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. उतारावरून खाली, घरांचे रंग बघत, एक काकी अंगणात कपडे वाळत घालत होत्या त्यांनी विचारलं "खंय गे धांवतात सगळीं?" त्यांना काय उत्तर देणार.

साडेदहाला आम्ही परत धक्क्यावर. फेरी समोरून सुटली होती! अर्धा तास थांबलो, आणि खरं सांगते, अख्ख्या टूरमधला बरा अर्धा तास तोच. चहावाल्याकडे चहा, मिरची भजी, दोन शाळकरी पोरं गळ टाकून बसलेली, एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून आला, त्याने ते भोंप भोंप वाजवलं आणि नवऱ्याने गरम पोयी, आमचे गोव्याचे पाव, घेतल्या. पोदेराची सायकल बघा कधी, ना गिअर ना फॅन्सी सीट, मागे एवढी टोपली. गाईड पोरगा फोनवर दुसऱ्या बॅचला "येतोय येतोय" सांगत होता, त्याचा पण काय दोष, मालकाने वेळापत्रकच तसं दिलंय.

टूरचे माणशी 1200. मला जास्त वाटले. पण दुकानात परत आल्यावर नवऱ्याने विचारलं नुसती सायकल उद्या देणार का, तर म्हणाले 500 दिवसाला, 2000 डिपॉझिट, ओळखपत्राची झेरॉक्स. घेतल्या तीन.

रविवार. सात वाजता, आम्ही तिघंच, शिट्टी नाही. भाची म्हणाली आज कुठे जायचंय, मी म्हटलं बेटाच्या दुसऱ्या टोकाला. टूरमध्ये हे टोक नाहीच, आणि माझ्या मते दिवाडीला जायचं खरं कारण ते आहे.

आधी पियेदाद मागे टाकून उत्तरेकडे, वस्ती विरळ होत जाते, मधे एका दुकानात थांबलो, तिथे बाईंनी विचारलं उदक जाय? आणि बाटली विकली नाही, घागरीतलं दिलं. मग बेटावरच्या नार्वे गावातलं कोटीतीर्थ. मोठं दगडी तळं, पायऱ्या, बाजूला झाडी, आम्ही गेलो तेव्हा कोणीच नव्हतं. इथे सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ होतं, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवरसुद्धा सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचं नाव असायचं. चौदाव्या शतकात बहामनींनी पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत उभं केलं, मग 1560 मध्ये पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग म्हणे विहिरीवर दोर ओढायला लावून ठेवलं होतं, तिथून डिचोलीकडच्या लोकांनी रात्री पळवून नदीपार नेलं. असं सांगतात, मी पण आजीकडूनच ऐकलेलं. नदीपलीकडच्या गावाचं नाव होतं हिंदळे, देव आला आणि त्या गावाला पण नार्वे म्हणायला लागले. देवाबरोबर गावाचं नावच नदी ओलांडून गेलं.

तळ्याच्या पायरीवर बसून उरलेल्या पोयी आणि घरून नेलेली पातळ भाजी खाल्ली. भाची बराच वेळ गप्प होती मग म्हणाली, काल आपण इथून किती लांब होतो? म्हटलं सायकलने निवांत गेलीस तरी थोडाच वेळ. सातमिनिटवाला फोटो कमी केला असता तर आलो असतो.

मग नार्व्याच्या धक्क्यावरून फेरी. इथे नदी अरुंद, आवाज देऊन पलीकडच्या माणसाला बोलवावं असं वाटतं. फेरीत आम्ही तीन सायकली, दोन स्कूटर आणि एक बोकड. बोकडाने माझ्या उशीचा कोपरा चावला, त्याचे पैसे कोणाकडून घ्यायचे ते दुकानवाल्याने करारात लिहिलेलं नाही. पलीकडे उतरून थोडंच पुढे सप्तकोटीश्वर. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधायला घेतलं ते देऊळ. दारावरच्या शिलालेखात शके 1590 आणि "शिवराज्ञा" असं आहे, भाचीने अक्षर अक्षर लावून वाचलं, पुण्यात शाळेत इतकं शिवचरित्र शिकून हे देऊळ माहीत नव्हतं म्हणाली, आणि मला जरा आनंद झाला, आम्ही गोवेकर सांगायला कमी पडतो हे खरं आहे. सध्या देऊळ नीट दुरुस्त करून ठेवलंय, घुमट, उतरती कौलं, समोर दीपमाळ, आवार झाडलेलं. मूळ लिंग तेच, उभे पैलू पाडलेलं. नदीच्या त्या काठावर तळं, या काठावर देव. गाडीने आलात तर डिचोलीवरून सरळ देवळाच्या दारात येता, आणि मधली नदी लागतच नाही.

परतीला फेरीसाठी थांबलो तिथे काही नव्हतं, चहा पण नाही, फक्त सावली. अर्धा तास, कदाचित जास्त, नवरा आडवा झाला, मी भाचीला आजीची गोष्ट परत सांगितली, वरून एक ब्राह्मणी घार फिरत होती.

येताना पियेदादच्या अलीकडे नवऱ्याच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर. दुकानाला फोन केला, उचलला, "किट आहे ना बॅगेत?" किट होतं पण त्यात चिकटवायचं सोल्युशन सुकलेलं. मेकॅनिक पाठवतो म्हणाले, फेरीवर अडकला म्हणून आला सव्वा तासाने, तोपर्यंत एका घरच्या काकांनी स्वतःच्या सोल्युशनने लावून दिलं होतं, पैसे घेतले नाहीत, वर लिंबू सरबत. दुकानवाल्याने सॉरी म्हटलं आणि एका सायकलचं भाडं परत दिलं, न मागता, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. डिपॉझिट पण लगेच मिळालं, किरकिर नाही.

आता कोणी जाणार असाल तर. नुसती सायकल घ्या. घेताना गिअर सगळे पाडून बघा आणि किट उघडून सोल्युशन दाबून बघा. पाणी सोबत न्या, बेटावर दुकानं आहेत पण रविवारी दुपारी बंद. उन्हाळ्यात जाऊ नका, सावली आहे ती वस्तीत, खाजनात एक झाड नाही. पावसाळ्यात हिरवं भारी दिसतं पण रस्त्याच्या कडा निसरड्या, लहान मुलं असतील तर नको. ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी बोंदेरां, म्हणजे बेटावरचा झेंड्यांचा उत्सव, असतो, त्या दिवशी सायकल घेऊन गेलात तर सायकल डोक्यावर घेऊन फिराल. परतीची वेळ कोणाला सांगून येऊ नका, फेरी तुमचं ऐकत नाही.

टूरला दोन स्टार, सायकलींना साडेतीन. दुकानवाल्याचा काल मेसेज आला, पाच स्टार द्या म्हणून. त्याला सांगितलंय, नार्व्यापर्यंतची टूर सुरू कर, शिट्टी घरी ठेव, मग बघू. उशीचं काय ते अजून ठरलेलं नाही.