वॉरफरिन की अपिक्साबान? फायब्रॉइड आणि पायात गुठळी, दोन्ही असेल तर

रक्त पातळ ठेवणाऱ्या, म्हणजे गुठळी होऊ न देणाऱ्या या दोन्ही गोळ्या मी घेतल्यात, आधी पाच महिने वॉरफरिन आणि आता अपिक्साबान, म्हणून लिहितेय. माझी गर्भाशयातली गाठ (फायब्रॉइड) मोठी, ओटीपोटातल्या शिरेवर दाब येऊन डावा पाय मांडीपर्यंत सुजला, सोनोग्राफीत डीव्हीटी, म्हणजे आतल्या शिरेत गुठळी, निघाला.

वॉरफरिन वाईट नाही हं. स्वस्त आहे, दिवसातून एकदाच घ्यायची, आणि आयएनआरवरून (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती रक्ततपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) औषध लागू पडतंय का ते कळतं, माझा २ ते ३ मध्ये ठेवायचा होता. पण आम्ही राहतो चोपड्याकडे आणि थंडीत आपल्याकडे भरीत किती होतं ते काय सांगायचं, आणि कांद्याच्या पातीशिवाय भरीत कसलं? त्या पातीत व्हिटॅमिन के, ते नेमकं वॉरफरिनच्या उलट काम करतं. डिसेंबरात एक दिवसाआड भरीत-कळण्याची भाकरी चाललेली, आयएनआर आला १.४, डोस वाढवला. संक्रांतीनंतर पात संपली, डोस तोच, आकडा गेला ४.२ वर आणि त्याच आठवड्यात पाळी आली. तासाला पॅड बदलत होते, जांभळाएवढ्या गुठळ्या पडायच्या, हिमोग्लोबिन ७ वर आलं. डॉक्टर म्हणाले भाजी बंद करू नका, रोज सारखीच खा. बरोबरच आहे त्यांचं, पण शेतकऱ्याच्या घरात रोज सारखी भाजी कुठून येणार, वावरातून जे निघेल ते शिजतं.

अपिक्साबानला ही कटकट नाही, आयएनआरही नाही. पण सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यावी लागते, असर लवकर उतरतो. वॉरफरिनपेक्षा महाग पडते, तरी २०२२ ला पेटंट संपल्यापासून बऱ्याच कंपन्यांच्या निघाल्यात. पाळी अजूनही जास्तच जाते, पण मला तरी तसा पूर आला नाही. त्याच जातीतल्या रिव्हरोक्साबानवर पाळी जास्त जाते असं आढळलंय, म्हणून डॉक्टरांनी ती टाळली.

अर्थात हृदयात कृत्रिम (मेकॅनिकल) झडप असेल किंवा अँटीफॉस्फोलिपिडचा त्रास (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे गुठळ्या होण्याचा आजार) असेल तर वॉरफरिनच बरी, आणि दिवस राहायची शक्यता असेल तर दोन्ही नकोत, तेव्हा हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. रक्त थांबवायची ट्रॅनेक्सामिकची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, गुठळी झालेल्याला ती चालत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दिवसाला किती पॅड लागतात ते लिहून न्या, पहिल्या वेळी मला ते कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही लाजून सांगितलं नाही.