'द गुड फाइट' की 'बेटर कॉल सॉल': आधी कुठली लावायची?

'द गुड फाइट' आणि 'बेटर कॉल सॉल' या दोन्ही वकिलांवरच्या अमेरिकी मालिका. 'द गुड फाइट'बद्दल सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार म्हणजे राजकारण फार आहे. 'बेटर कॉल सॉल'बद्दलची तक्रार म्हणजे फार संथ आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आणि या दोघींपैकी एक निवडायची असेल, तर कौतुकापेक्षा या तक्रारीच जास्त कामाला येतात. कौतुक दोघींचं सारखंच ऐकू येतं: अभिनय उत्तम, लेखन उत्तम. त्यावरून काय ठरवणार? एकाला जे खटकलं तेच दुसऱ्याला हवं असू शकतं, म्हणून लोकांना नेमकं काय खटकलं ते आधी पाहू.

दोन्ही मालिका दुसऱ्या मालिकांच्या पोटातून निघालेल्या आहेत. 'द गुड वाइफ' २००९ ते २०१६ अशी सात सीझन चालली. तिच्यातली ज्येष्ठ वकील डायन लॉकहार्ट 'द गुड फाइट'च्या केंद्रस्थानी आली. क्रिस्टीन बारान्स्कीने केलेली ही डायन निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना तिची आयुष्यभराची पुंजी एका गुंतवणूक घोटाळ्यात बुडते. जुनी फर्म परत घ्यायला तयार नसते. शेवटी शिकागोतली कृष्णवर्णीय भागीदारांची एक फर्म तिला जागा देते. 'बेटर कॉल सॉल' मात्र काळात मागे जाते. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेतला तो भडक सुटातला, जाहिरातबाज वकील सॉल गुडमन त्या मालिकेच्या सहा वर्षं आधी जिमी मॅकगिल या नावाचा धडपड्या माणूस होता. त्याचा सॉल कसा झाला, ही तिची गोष्ट.

'द गुड फाइट'वर उमटलेल्या पहिल्या प्रतिक्रियेचा कथेशी संबंधच नव्हता. ती पैशांबद्दल होती. १९ फेब्रुवारी २०१७ला पहिला भाग सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला आणि पुढचे भाग फक्त 'सीबीएस ऑल ॲक्सेस' या त्यांच्या स्ट्रीमिंग सेवेवर ठेवले. सात वर्षं जी मंडळी वाहिनीवर फुकट भेटत होती, त्यांच्यासाठी जाहिरातींसकट महिना ५.९९ डॉलर मोजायचे. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्यांचा संताप मला समजतो. पण वाहिनीच्या बंधनातून सुटल्यामुळे लेखकांचे हात मोकळे झाले, हेही तितकंच खरं. डायनच्या तोंडी पहिल्यांदा खणखणीत शिवी आली तेव्हा काही जण दचकले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांतली. इतकी वर्षं जी बाई एकेक शब्द तोलून मापून बोलत आली, तिच्या तोंडून ती शिवी निघते तेव्हा तिचा धीर किती सुटलाय ते कळतं.

'बेटर कॉल सॉल'ला ही अडचण आली नाही. अमेरिकेत ती २०१५ ते २०२२ या काळात एएमसी या केबल वाहिनीवर लागत होती आणि बाहेरच्या बहुतेक देशांत दुसऱ्याच दिवशी नेटफ्लिक्सवर येत होती. त्यामुळे अमेरिकेबाहेर अनेक जण तिला नेटफ्लिक्सचीच मालिका समजतात.

आता राजकारणाची तक्रार. हिलरी क्लिंटन निवडून येतील असं धरून निर्मात्यांनी 'द गुड फाइट'ची आखणी केली होती. २०१६च्या निकालानंतर सुरुवात बदलावी लागली आणि मालिका उघडते ती ट्रम्प यांचा शपथविधी टीव्हीवर बघून सुन्न झालेल्या डायनवर. दुसऱ्या सीझनच्या भागांची नावंसुद्धा त्या कारकिर्दीतल्या दिवसांच्या आकड्यांची आहेत. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात डायनला जाग येते ती क्लिंटन जिंकलेल्या जगात. म्हणजे राजकारण इथे फोडणीपुरतं नाही, तेच मुख्य अन्न आहे. संध्याकाळी बातम्या बंद करून दुसरीकडे मन रमवायला जो मालिका लावतो, त्याला हे नको वाटणारच. त्याने ही मालिका खुशाल सोडावी.

तरी तिला प्रचारपट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कायद्यावर अढळ विश्वास असलेल्या वकिलाला रोज सकाळी त्या विश्वासाला तडा गेलेला दिसला, तर त्याने करायचं काय, असा तिचा प्रश्न आहे. आणि उत्तर शोधताना ती डायनलाही सोडत नाही. पाचव्या सीझनमध्ये एक गृहस्थ झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत स्वतःचं न्यायालय थाटतो. त्याच्याकडे ना नेमणूक, ना अधिकार. पण तिथे निकाल लवकर लागतो, भाषा साधी असते, आणि लोक रांग लावतात. मँडी पटिंकिनने केलेल्या या स्वयंघोषित न्यायाधीशावरून प्रेक्षकांत सरळ फूट पडली. मालिकेचं डोकं फिरलं, असं काहींचं मत. मला तो सीझन सगळ्यात जवळचा वाटतो. वर्षानुवर्षं तारखांमागे धावलेल्या माणसाला असं न्यायालय किती गोड वाटेल, आणि तोच गोडवा पुढे किती धोक्याचा ठरेल, हे तिथे शांतपणे उलगडत जातं.

या मालिकेत गंमत कुठली आणि खरं काय, हे ओळखणं अवघड होतं त्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. तिसऱ्या सीझनपासून भाग चालू असताना मधेच छोटी ॲनिमेटेड गाणी येत. मे २०१९मध्ये एका गाण्याच्या जागी काळ्या पडद्यावर पाटी आली, की सीबीएसने हा मजकूर सेन्सॉर केला आहे. साडेआठ सेकंद. बऱ्याच प्रेक्षकांना ती मालिकेचीच थट्टा वाटली. प्रत्यक्षात चीनमधल्या सेन्सॉरशिपवरचं गाणं वाहिनीने खरोखरच काढून टाकलं होतं.

तिचे खरे दोष वेगळे आहेत. माणसं टिकत नाहीत. अभिनेत्री रोझ लेस्ली तिसऱ्या सीझननंतर गेली. कुश जंबो आणि डेलरॉय लिंडो या कलाकारांचा निरोप पाचव्याच्या पहिल्याच भागात उरकला. कोरोनामुळे चौथा सीझन सात भागांवर थांबला आणि त्यातले धागे लोंबकळत राहिले. याबद्दलची चाहत्यांची नाराजी रास्त आहे. शिवाय 'द गुड वाइफ'ची नायिका अलिशिया येईल म्हणून वाट बघत बसू नका. सहा सीझनमध्ये ती एकदाही येत नाही.

आणि संथपणाचं काय? मी स्वतः 'बेटर कॉल सॉल' दोनदा अर्धवट सोडली होती. पहिल्या सीझनमध्ये जिमी कोर्टाच्या पार्किंगमध्ये बूथवरच्या माणसाशी स्टिकरवरून हुज्जत घालतो, नेल सलूनच्या मागच्या खोलीत दप्तर मांडतो, आरोपी तीन असताना आपल्याला ७०० डॉलरच कसे दिले म्हणून वाद घालतो. मनात येत होतं, गोष्ट कधी सुरू होणार? तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की हीच गोष्ट आहे. अपमान एका दिवसात माणूस बदलत नाही. तो साठत जातो, आणि तो साठताना दाखवायचा तर वेळ लागणारच.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलून दाखवतात. वकिलीचं रोजचं काम बघायचं असेल तर ते 'बेटर कॉल सॉल'मध्ये जास्त खरं वाटतं. 'द गुड फाइट'मध्ये सकाळी आलेलं प्रकरण संध्याकाळी युक्तिवादापर्यंत पोचतं, आणि ते बघायला मजा येते. 'सॉल'मध्ये कागदपत्रांची खोकी आहेत. चूक केली म्हणून चांगल्या वकिलाला तळमजल्यावर बसवून कागद चाळायला लावलेलं आहे. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांकडून जादा पैसे उकळले जातात, आणि त्याचा पुरावा जिमीला कचरापेटीतल्या कागदाच्या चिंध्या जुळवून उभा करावा लागतो. तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग जवळजवळ सगळा एका शिस्तभंगाच्या सुनावणीत घडतो. जिमीची सनद पणाला लागलेली असते आणि उलटतपासणी सुरू होते. माझ्या मते वकिली मालिकांतल्या सर्वोत्तम उलटतपासण्यांमध्ये तिला मानाचं पान द्यावं लागेल. काय होतं ते सांगणार नाही.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत सगळ्यात लक्षणीय काय असेल, तर जिमीची वकील मैत्रीण किम वेक्सलर हिच्याबद्दलची काळजी. सॉल, माइक, गस ही पात्रं पुढे जिवंत असतात, हे 'ब्रेकिंग बॅड' पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक. किम मात्र तिथे कुठेच नाही. मग तिचं झालं काय? या एका प्रश्नावर लोक सहा सीझन जीव मुठीत धरून बसले. आलेले सॉलसाठी, थांबले किमसाठी. किम झालेल्या रिया सीहॉर्नचा अभिनय बघितल्यावर, टीव्हीच्या एमी पुरस्कारांची ५३ नामांकनं मिळूनही या मालिकेला एकही एमी मिळू नये, याची चाहत्यांना वाटणारी हळहळ मलाही वाटते.

पण निव्वळ वकिलीसाठी ती लावलीत, तर अर्ध्या वेळी फसवल्यासारखं वाटेल. कारण दुसरा अर्धा भाग अमली पदार्थांच्या टोळ्यांचा आहे. गोळ्या, रक्त, वाळवंट. सुरुवातीची काही वर्षं हे दोन प्रवाह एकमेकांना फारसे भेटतही नाहीत. ज्यांना फक्त कोर्ट हवंय ते इथे कंटाळतात, आणि ज्यांना फक्त टोळ्या हव्यात ते जिमीच्या म्हाताऱ्या अशिलांना कंटाळतात. 'द गुड फाइट'मध्ये असा भेसळीचा प्रश्न नाही. तिथे जे काही वेडं घडतं ते फर्मच्या भिंतींच्या आत किंवा न्यायाधीशापुढेच.

मूळ मालिका आधी बघायला हवी का? 'द गुड फाइट'साठी गरज नाही. जुने न्यायाधीश आणि विरोधी वकील अधूनमधून डोकावतात तेव्हा जुन्या प्रेक्षकाला जास्त आनंद होतो, एवढंच. 'द गुड वाइफ'चे १५६ भाग आधी संपवायचे म्हटलं तर नवीन माणूस इथवर पोचणारच नाही. सरळ ६० भागांची 'द गुड फाइट' लावा. 'बेटर कॉल सॉल'चं उलट आहे. सीझनच्या सुरुवातीला येणारे कृष्णधवल प्रसंग 'ब्रेकिंग बॅड'शिवाय कळत नाहीत, आणि शेवटचा सीझन तर 'ब्रेकिंग बॅड'चा शेवटच फोडून टाकतो. म्हणजे ६२ भाग ते आणि ६३ हे. एवढा वेळ द्यायची तयारी असेल तरच हात घाला.

या दोघींच्या पंगतीत आणखी दोन नावं कानावर येतील, त्यांचा विचार करू नका. 'सूट्स' या वकिली मालिकेतून निघालेली 'पिअरसन' २०१९मध्ये दहा भागांत आटोपली. २०२३मध्ये स्ट्रीमिंगवर 'सूट्स' अमेरिकेत विक्रमी ५७.७ अब्ज मिनिटं बघितली गेली, तेव्हा 'सूट्स एलए' काढली गेली. ती फेब्रुवारी २०२५ला आली आणि मे महिन्यात रद्दही झाली. लोकांना 'सूट्स'मधली हार्वी आणि माइकची जोडी हवी होती. नुसत्या नावावर तेरा भागच निघाले.

मला विचाराल, तर कोर्टरूमची चटक असलेल्या, बातम्या वाचणाऱ्या, विचित्र विनोद चालणाऱ्या माणसाला मी बिनदिक्कत 'द गुड फाइट' सांगेन. घरातल्या कुणासोबत बसून, मधे थांबून वाद घालत बघायलाही तीच बरी. 'बेटर कॉल सॉल' एकट्याने बघायची आहे, फोन बाजूला ठेवून. जिमी आणि त्याचा भाऊ यांच्यातलं नातं तुम्हाला खटल्यापेक्षा मोठं वाटत असेल, तर ती तुमचीच आहे. यातली थोर कुठली म्हणाल तर मी 'सॉल'कडे झुकते. पण दमून घरी आल्यावर हात जातो तो 'द गुड फाइट'कडे.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही थोड्या चाखून बघा, पण सारख्या मापाने नको. 'द गुड फाइट'चे दोन भाग पुरेत. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत हँडबॅगा, फोन आणि फुलदाण्या संगीताच्या तालावर फुटताना बघून तुम्हाला हसू आलं, तर पुढचं सगळं आवडेल. 'सॉल'ला मात्र पहिल्या सीझनच्या नवव्या भागापर्यंत मुदत द्या. त्या भागाच्या शेवटी दोन भाऊ घराच्या दिवाणखान्यात समोरासमोर येतात आणि एक जण मनातलं खरं बोलतो. ते ऐकूनही दहावा भाग लावावासा वाटला नाही, तर मालिका तिथेच बंद करा.