विंड मीटर बरेच महिने वापरल्यानंतर: लांब पल्ल्याला वाऱ्याचं नेमकं काय कळतं

हातात धरायचा फिरकीवाला विंड मीटर घेऊन आता बरेच महिने झालेत, कडक उन्हात, ढगाळ हवेत, सोसाट्याच्या वाऱ्यात सगळीकडे वापरून झालाय, म्हणून लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत तो किती कामाला येतो ते जरा सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण जे सांगायचंय ते या प्रकारच्या जवळपास सगळ्याच मीटरना लागू आहे. माझं मत आधीच सांगतो, घ्यायलाच हवा, पण स्क्रीनवरचा आकडा जसाच्या तसा टरेटवर (रायफलच्या दुर्बिणीची नेम सरकवायची चकती) चढवायला नाही, तर स्वतःची नजर तयार करायला.

उंचीचं, म्हणजे गोळी किती खाली पडणार याचं गणित एकदा बसलं की बसलं. अंतर रेंजफाइंडर सांगतो, गुरुत्वाकर्षण काही बदलत नाही, टेबल बघायचं, टरेटचे क्लिक द्यायचे, विषय संपला. वारा मात्र दोन शॉटच्या मधे बदलतो. .३०८ कॅलिबरच्या रायफलची १७५ ग्रेन वजनाची गोळी १००० यार्डांवर ताशी १ मैलाच्या पूर्ण आडव्या वाऱ्याने साधारण ८-९ इंच सरकते. आणि एफ-क्लासच्या (रायफल टेकूवर ठेवून मारायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या) टार्गेटवर त्या अंतराला दहा गुणांचं वर्तुळ १ एमओएचं (अंशाचा साठावा भाग), म्हणजे साधारण १० इंच व्यासाचं, मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ५ इंच. म्हणजे ताशी १ मैलाने अंदाज हुकला की शॉट बाहेर, आणि एवढा फरक गालाला कळतसुद्धा नाही. म्हणून मी मीटरकडे वळलो.

एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचं सोपं जातं. वारा गोळीला नुसता बाजूने ढकलत नाही. गोळी बाहेर पडल्या पडल्या आपलं नाक जरासं वाऱ्याकडे वळवते, मग हवेचा रोध तिला त्या किंचित तिरक्या रेषेत मागे ओढतो आणि त्यातलाच एक भाग तिला बाजूला नेतो. त्यामुळे ती किती सरकणार हे एकूण किती वेळ हवेत आहे यावर नाही, तर हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. समजा सुरुवातीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आणि टार्गेट ८०० मीटरवर. हवा नसती तर १ सेकंदात पोचली असती, प्रत्यक्षात लागले १.३५ सेकंद, म्हणजे उशीर ०.३५. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर ४ गुणिले ०.३५ म्हणजे १.४ मीटर, पावणेदोन मिल (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). पॉइंट टूटूमध्ये (.२२ च्या छोट्या काडतुसात) आवाजापेक्षा जोरात जाणारी गोळी साध्या स्टँडर्ड गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त वाहते ती यामुळेच, तिचा वेग सुरुवातीलाच पटकन पडतो आणि उशीर वाढतो.

आता मीटर. हात पूर्ण लांब करून, डोक्याच्या थोडं वर, अंग वाऱ्याच्या आड येणार नाही असा धरायचा. जमिनीलगत वारा मंद असतो, त्यामुळे प्रोन, म्हणजे पोटावर झोपून तोंडासमोर धरला तर आकडा कमीच येतो. फिरकीचं तोंड थेट वाऱ्याकडे करून खरा वेग घ्यायचा आणि कोनाचं गणित नंतर करायचं हे मला जास्त भरवशाचं वाटतं. घड्याळाचा हिशोब सगळ्यांना माहीत असतो, टार्गेट १२ वाजता धरायचं, ३ किंवा ९ वाजताचा वारा पूर्ण, १ किंवा ११ चा अर्धा, ४५ अंशांचा ०.७. पण २ वाजताचा वारा पाऊणच्याही वर, ०.८७ असतो हे बरेच जण विसरतात आणि तिथे कमी देतात. दुसरं म्हणजे सरासरीवर फार विसंबू नका. मी एकदोन मिनिटं धरून ठेवतो आणि सगळ्यात कमी किती, सगळ्यात जास्त किती, एवढंच लक्षात ठेवतो, कारण शॉट जातो तेव्हा वारा या दोघांच्या मधे कुठेतरी असतो आणि नेमका कुठे ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणि मीटरची मर्यादा इथेच आहे. तो फक्त तुम्ही उभे आहात तिथला वारा मोजतो. नळीजवळचा वारा महत्त्वाचा असतोच, कारण सुरुवातीला गोळी जरा जरी वळली तरी तो कोन शेवटपर्यंत वाढत जातो, पण मधल्या पट्ट्यात गोळी जमिनीपासून सगळ्यात उंच असते आणि तिथला वारा बहुतेकदा जास्त जोराचा असतो, शिवाय मधे एखादा खोलगट भाग किंवा झाडांची रांग असेल तर दिशाही वेगळी. एक प्रसंग सांगतो. मीटरवर सेकंदाला २.८ मीटर, डावीकडून, एकदम स्थिर. स्पॉटिंग स्कोपचा फोकस टार्गेटवरून हळूहळू अलीकडे, पल्ल्याच्या मध्यावर आणला तर तिथलं मिराज (तापलेल्या हवेच्या लहरी) डावी-उजवीकडे न वाहता उकळत्या पाण्यासारखं सरळ वर जात होतं, म्हणजे तिथे आडवा वारा जवळपास नव्हताच. पूर्ण २.८ चा होल्ड (नेम वाऱ्याच्या बाजूला सरकवून) धरला असता तर शॉट टार्गेटच्या डाव्या कडेला गेला असता. तेवढ्यात लहरी परत उजवीकडे झुकायला लागल्या, तशा त्या पूर्ण आडव्या होईपर्यंत थांबलो आणि मग ट्रिगर दाबला. असं उकळणारं मिराज दिसलं की घाई करायची नाही, कारण वारा अशा वेळी बहुतेकदा बाजू बदलायच्या बेतात असतो. मात्र ताशी १०-१२ मैलांच्या पुढे मिराज इतकं चपटं होतं की वेग वाढला तरी डोळ्याला फरक कळत नाही, तिथे झेंडे, गवत आणि मीटर हेच कामाला येतात.

माझा सगळ्यात जास्त फायदा एका सवयीने झाला. आधी अंदाज तोंडाने बोलायचा, मग मीटर बघायचा. पानं नुसती सळसळतायत, तोंडाला झुळूक लागतेय, ठीक, सेकंदाला दोन मीटर म्हणूया, आणि मग मीटर. सुरुवातीला अंदाज आणि आकडा यात बरंच अंतर पडायचं, आता बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत बसतो, आणि हीच नजर मग पाचशे मीटरवरच्या गवतालाही लावता येते जिथे मीटर पोचतच नाही. यासाठीच मी म्हणतो पैसे वसूल आहेत.

मीटरच्या आतला बॅलिस्टिक (गोळीच्या मार्गाचा) हिशोब ठीक आहे, गोळीचा वेग आणि बीसी (गोळी हवा किती सहज कापते तो आकडा) खरे भरले तर उत्तर चांगलं येतं. पण घाईत त्याची बटणं दाबत बसण्यापेक्षा मी एक सोपा आकडा पाठ केलाय. माझ्या रायफलला सेकंदाला २ मीटर आडवा वारा म्हणजे ३०० मीटरला ०.३ मिल, ६०० ला ०.६, असं साधारण जुळतं. वारा ४ झाला की दुप्पट. फार लांब गेलं की हे थोडं कमी पडायला लागतं, तिथे टेबल बघायचं. होल्ड रेटिकलवरच (दुर्बिणीतल्या खुणांवर) घेतो, टरेट वाऱ्यासाठी सहसा फिरवत नाही, दर मिनिटाला बदलणाऱ्या गोष्टीसाठी क्लिक मोजत कोण बसणार.

आणखी एक, उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) नळीत डावीकडून वारा आला की शॉट उजवीकडे आणि किंचित खाली, उजवीकडून आला की डावीकडे आणि किंचित वर जातो. जोराच्या वाऱ्यात उंची चुकतेय म्हणून झिरो (दुर्बिणीची मूळ जुळणी) हलवायच्या आधी हे तपासा.

तक्रारी दोनच. मीटरमधला कंपास रायफलच्या लोखंडाजवळ धरला की भरकटतो, बॅटरी बदलली की परत कॅलिब्रेट करावा लागतो, मी दिशा आता हातानेच भरतो. आणि फिरकीत धूळ गेली की हलका वारा ती पकडतच नाही, आकडा शून्यावर अडकून राहतो, म्हणून फुंकर मारून सहज फिरतेय ना हे दर वेळी बघावं लागतं. फिरकी बदलता येते का हे घेतानाच विचारा.

नवीन घेणाऱ्याने ६०० मीटरच्या आत मारायचं असेल तर कॅल्क्युलेटर नसलेलं साधं मॉडेल घ्यावं आणि उरलेल्या पैशात बरा ट्रायपॉड, कारण हलणाऱ्या स्पॉटिंग स्कोपमधून मिराज वाचता येत नाही. हजारच्या आसपास जायचं असेल तर मात्र हवेचा दाब आणि तापमान मोजणारं मॉडेलच घ्या, तिथे हवेची घनता बदलली की उंची आणि वारा दोन्हींचे आकडे हलतात.