सातबारा घेऊन जर्मनीला: संभाजीनगरातील एका व्हिसा कार्यालयाचा अनुभव

माझी धाकटी बहीण जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करते. तिच्या बाळंतपणाला आई आणि अण्णांनी तिकडे जावे असे घरात ठरले, तेव्हा दोघांकडे पासपोर्ट होते, पण त्यांवर एकही शिक्का नव्हता. अण्णा परभणी जिल्ह्यात, मानवतजवळच्या आमच्या गावी अजून शेती करतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर लागत नसल्यामुळे त्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नाही. पगारपत्रक नाही, निवृत्तिवेतन नाही, रजा मंजूर झाल्याचे पत्र नाही. अशा माणसाचा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसाचा, अर्ज कसा मांडावा, हे मला कळत नव्हते. म्हणून मी छत्रपती संभाजीनगरातील एका व्हिसा सल्ला कार्यालयाची मदत घेतली. त्या कार्यालयाचे नाव मी देत नाही. अशी कार्यालये आता जालना, लातूर, नांदेड सगळीकडे झाली आहेत आणि आपल्यासारख्या शेतकरी घरातून मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढ्यासाठीच तो सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जे उत्तम झाले ते सांगतो. या कार्यालयात कागदपत्रे पाहणारी एक तरुण मुलगी आहे. तिने अण्णांचे पासबुक उघडले आणि जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांच्या नोंदींवर एकेक करून बोट ठेवले. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबरात आलेले, कापसाचे दिवाळीनंतर. म्हणजे व्हिसासाठी जो तीन महिन्यांचा उतारा द्यायचा, त्यात यातले काहीच दिसत नव्हते. दिसत होते ते किसान सन्मानचे २,००० रुपये आणि मार्चमध्ये पीककर्जाचे नवे-जुने केल्याची, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलल्याची, नोंद. एक मोठी रक्कम खात्यातून जाते आणि काही दिवसांत जवळपास तेवढीच परत येते, हे मराठवाड्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र ते संशयास्पद वाटू शकते. त्या मुलीने यावर एका पानाचे इंग्रजी पत्र तयार केले. कोणते पीक कधी पेरतात, कधी विकतात, बाजार समितीची हिशोबपट्टी म्हणजे काय, पीककर्ज दरवर्षी कसे फेडून पुन्हा उचलले जाते, हे सगळे तिने साध्या वाक्यांत लिहिले आणि पूर्ण वर्षाचा बँक उतारा सोबत जोडला. सातबारा आणि आठ-अ यांचे भाषांतर करताना तिने ‘जिरायत’, ‘पोटखराब’ आणि ‘भोगवटादार’ हे शब्द नुसते इंग्रजी अक्षरांत उतरवले नाहीत, तर प्रत्येकाचा अर्थ शेजारी दिला आणि हेक्टर-आरमधले क्षेत्र एकरांतही लिहिले.

याच टेबलावर एक प्रसंग घडला, तो मला महत्त्वाचा वाटतो. कार्यालयाचे मालक सहज बोलून गेले की, नातेवाइकांकडून तीन लाख रुपये आणून महिनाभर खात्यात ठेवा, शिल्लक भरीव दिसेल. अण्णा तयारही झाले होते. तेव्हा ती मुलगी मालकांसमोरच म्हणाली, “काका, हा पैसा आला कुठून, हे मला कागदावर लिहावं लागेल. ते खरं लिहिता येणार नसेल, तर तो खात्यात नको.” अर्जाच्या तोंडावर अचानक जमा झालेली रक्कम उलट शंका वाढवते, हे तिने नीट समजावले. शिवाय आम्हाला त्या पैशाची गरजच नव्हती, कारण माझ्या बहिणीने तिच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयातून औपचारिक हमीपत्र घेतले होते. जर्मन भाषेत त्याला ‘फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. ते देणारी व्यक्ती पाहुण्यांच्या राहण्याचा आणि आजारपणाचा खर्च कायद्याने स्वतःवर घेते. त्याचे शुल्क २९ युरो आहे आणि मूळ प्रत अर्जासोबत लागते. अशा हमीपत्रानंतर अर्जदाराला मुख्यतः दाखवायचे असते ते एवढेच, की त्याला परत यायचे आहे आणि परत येण्यासारखे त्याच्याकडे काही आहे. अण्णांच्या बाबतीत ते त्यांच्या सातबाऱ्यावरच लिहिलेले होते.

आता तक्रारीकडे येतो. कार्यालयाने माणशी १९,५०० रुपये एकरकमी घेतले आणि बिलावर एकच ओळ लिहिली, ‘जर्मनी व्हिसा शुल्क’. ही ओळ खरी नव्हती. शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि ६ वर्षांखालील मुलांना ते नाही. हे शुल्क अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रावर रुपयांत भरावे लागते, त्याची पावती तिथेच मिळते आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते आणि तेही त्याच पावतीवर लिहिलेले असते. ही पावती आणि प्रवास विम्याचा हप्ता वजा केल्यावर माणशी पाच हजारांहून अधिक रक्कम उरत होती. ती कार्यालयाची फी असेल, तर मला ती देण्यात काहीच अडचण नव्हती, कारण वर सांगितलेल्या कामाचे मोल तेवढे नक्की आहे. पण तिला फी न म्हणता सरकारी शुल्काच्या नावाखाली दाखवणे योग्य नाही. तीन वेळा मागितल्यावर तपशील मिळाला, तेव्हा त्यात ‘महसुली कागद काढणे’ यासाठी प्रत्येक उताऱ्याचे ५०० रुपये लावलेले दिसले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि आमचे उतारे तर मीच काढून दिले होते. ती रक्कम त्यांनी परत केली. तपशिलात ‘अपॉइंटमेंट’साठीही पैसे लावले होते. अर्ज देण्याची वेळ मुळात विनामूल्य मिळते, मात्र सुट्ट्यांच्या आधीच्या महिन्यांत ती लवकर संपते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो, हे माहीत असलेला माणूस ती स्वतः घेऊ शकतो.

याहून गंभीर चूक दिवसांच्या हिशेबात झाली. आम्ही घरी ‘तीन महिने’ असे बोलत होतो आणि कार्यालयाने ते तसेच धरून २ मे रोजी पोहोचणे आणि २ ऑगस्ट रोजी निघणे अशी तिकिटे काढली. शेंगेन व्हिसाचा नियम तीन महिन्यांचा नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा आहे, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा हे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. मेचे ३०, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे २ मिळून ९३ दिवस होत होते. हे बहिणीच्या लक्षात आले, तेही अर्ज देण्याच्या आदल्या संध्याकाळी. परतीची तारीख २९ जुलै केली, म्हणजे एक दिवस हाताशी राहिला. पण तिकीट बदलण्याचा माणशी ४,२०० रुपये खर्च आला आणि बरीच बोलाचाली झाल्यावर कार्यालयाने त्यातला निम्माच दिला. चूक पूर्णपणे त्यांची असल्यामुळे तो सगळा त्यांनी द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चूक कोणाच्या ध्यानात आली नसती, तर परतताना विमानतळावर अण्णांना जास्तीच्या दिवसांबद्दल जाब द्यावा लागला असता आणि पुढच्या व्हिसावर त्याचे सावट राहिले असते. येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेची जी शेवटची तारीख असते, ती बहुधा राहण्याच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस पुढची असते, कारण प्रवास मागेपुढे झाल्यास तेवढी मुभा ठेवलेली असते. त्या तारखेपर्यंत राहता येते असा त्याचा अर्थ नाही. राहायचे दिवस त्याच स्टिकरवर वेगळ्या रकान्यात आकड्याने छापलेले असतात.

मुंबईतील केंद्रावर आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देवगिरी एक्स्प्रेसने गेलो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावेच लागते. ते ठसे पुढे ५९ महिने चालतात. शेतात काम करून अण्णांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्रावर उजवा अंगठा तीन वेळा उमटला नाही. तिथल्या मुलाने ओल्या कापडाने त्यांची बोटे पुसली, स्वतःच्या हाताने हलकेच दाबून धरली आणि चौथ्या वेळी ठसा आला. फोटोच्या वेळी अण्णांना टोपी काढावी लागली होती. उन्हाने रापलेला चेहरा आणि टोपीखालचे गोरे कपाळ यांच्यामधली रेघ त्या फोटोत स्वच्छ दिसते. संभाजीनगरच्या कार्यालयाने फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या मापात आधीच काढून दिला होता आणि तो केंद्रावर एका नजरेत स्वीकारला गेला. विमा ३०,००० युरोंच्या किमान संरक्षणाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा असतो; तोही बिनचूक होता. कागद लावण्याचा क्रम इतका नीट होता, की खिडकीवर एकही पान परत मागितले गेले नाही.

बाराव्या दिवशी दोन्ही पासपोर्ट व्हिसासह घरी आले. अर्ज पहिल्याच फेरीत पूर्ण असणे आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे आहे, कारण जर्मनीने १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर वकिलातीकडे लेखी फेरविचार मागण्याची जुनी सोय बंद केली आहे. आता नकार आला तर नव्याने अर्ज करून पुन्हा शुल्क भरणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरतात. हे मालकांनी आम्हाला सांगितले नव्हते. त्या मुलीने सांगितले, आणि म्हणूनच तिने हिशोबपट्ट्यांच्या प्रती दोनदा तपासल्या.

फ्रँकफर्टला उतरल्यावर अधिकाऱ्याने परतीचे तिकीट आणि बहिणीचा पत्ता विचारला. हमीपत्राची प्रत आणि विमा सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, ही सूचना कार्यालयाने लिहून दिली होती; ती आईने तंतोतंत पाळली आणि दोघे पाच मिनिटांत बाहेर आले.

कागदपत्रांच्या कामाला मी या कार्यालयाला पाचपैकी पाच गुण देईन आणि पैशांच्या व्यवहाराला दोन. आता मावशीला तिकडे जायचे आहे. तिचे कागद मी त्याच मुलीकडून करून घेणार आहे. अपॉइंटमेंट आणि तिकीट मात्र स्वतः काढणार आहे आणि शुल्क केंद्रावर स्वतः भरणार आहे. तसे मी कार्यालयात जाऊन सांगितले. थोडी कुरकुर झाली, पण केवळ कागदपत्रांच्या कामाचे ३,५०० रुपये त्यांनी मान्य केले आणि या वेळी पावतीवर ‘सल्ला व भाषांतर फी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून दिले.