ऑस्टिनला पोरीकडे गेलात तर फ्रेडरिक्सबर्गला एक चक्कर माराच (५ पैकी ४)

लेक ऑस्टिनला असते, जूनमध्ये गेलो होतो तिच्याकडे, तर एका शनिवारी जावयानं गाडी काढली अन् म्हणाला, बाबा चला, तुम्हाला जर्मन लोकांचं गाव दाखवतो. टेक्सासात जर्मन कुठून आले बाप्पा? दीड तासाचा रस्ता. ऊन म्हणाल तर आपल्या मे महिन्यातल्या नागपूरसारखंच, दुपट्टा सोबत घेतला ते बरं केलं.

पोचल्यावर आधी मेन स्ट्रीटची रुंदी डोळ्यात भरते. बैलगाडी मधातच वळवता यावी म्हणून इतका रुंद आखला म्हणतात. दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं, वाईन, बिअर, चॉकलेट, कुत्र्यांचे कपडेसुद्धा, तिथं आमचे दोन तास गेले ते वायाच समजा. एक गंमत मात्र आहे, मधल्या चौकापासून पूर्वेकडे चालत गेलं की आडव्या रस्त्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून 'ऑल वेलकम' होतं अन् पश्चिमेकडे 'कम बॅक'. अ‍ॅडम्स, लानो, लिंकन, वॉशिंग्टन... नात बोर्ड वाचत पुढे अन् आम्ही घाम पुसत मागे.

खरं पाहायचं ते पायोनियर म्युझियम. आवारात जुनी घरं, शाळा, धान्याचं कोठार, घरात चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळं मांडून ठेवलंय. जर्मनीतल्या काही सरदार-उमरावांनी १८४२ मध्ये मंडळ काढून लोकांना टेक्सासात वसवायचं ठरवलं, पण बंदरावर उतरलेल्या माणसांना आत न्यायला गाड्याच मिळेनात, कारण १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटलं अन् गाड्या सैन्यानं ओढून नेल्या. किनाऱ्यावरच रोगराईनं खूप माणसं गेली. त्याच वर्षी मंडळानं आधी वसवलेल्या न्यू ब्राउनफेल्सहून १२० लोकांचा पहिला तांडा सोळा दिवस चालून ८ मेला इथं पोचला. पुढच्या वर्षी इथल्या मूळच्या कोमांचे लोकांशी करार केला, तो मोडला नाही असं इथले लोक अभिमानानं सांगतात.

मी अडकलो ते संडे हाउसपाशी. प्रत्येकाला गावात एक प्लॉट अन् बाहेर दहा एकर मिळाले होते. पुढे लोक दूर मळ्यावर राहायला गेले, मग शनिवारी बाजार अन् रविवारी चर्चसाठी यायचं तर मुक्कामाला गावातल्या प्लॉटवर एक खोली बांधायची, वर माळा, माळ्यावर पोरं झोपायची, जिना कित्येकदा बाहेरूनच. म्युझियमातलं असं घर १९०४ चं आहे. आमची ही दारातच थांबली अन् म्हणाली, "अहो, हे तं आपली महालातली खोली झाली." काटोलकडे आमची शेती होती अन् आम्हा भावंडांच्या शाळेसाठी बाबांनी नागपुरात महाल भागात खोली घेतली होती, आई दर शनिवारी एसटीनं यायची, एका हातात तेलाचा डबा अन् दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. बराच वेळ तिथंच उभा राहिलो, जावई बिचारा गाडीत एसी लावून बसला होता.

चौकात व्हेरिन्स किर्के हे आठ कोनांचं चर्च आहे, कॉफी दळायच्या गिरणीसारखं दिसतं म्हणून चिडवायचे. मूळचं १८४७ चं, आताचं १९३० च्या दशकातली नक्कल, बाहेरून फोटो काढला की झालं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचे सेनापती अ‍ॅडमिरल निमिट्झ याच गावचे, १८८५ चा जन्म, त्यांच्या आजोबांच्या हॉटेलात पॅसिफिक युद्धाचं मोठं म्युझियम आहे, त्याला मात्र अख्खा दिवस हवा, एका तासात उरकू नका. एन्चांटेड रॉक हा गुलाबी ग्रॅनाइटचा डोंगर जवळच आहे पण आमचे गुडघे नाही म्हणाले. जाणार असाल तर शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करा.

एक स्टार कापला तो जेवणापायी. एका हॉटेलात पाऊण तास बसवलं अन् शाकाहारी म्हणून हिला फक्त आलू अन् आंबट पत्ताकोबी! लोणचं समजून तिनं ती पत्ताकोबीच खाल्ली. परतताना रस्त्यावर पीचचे ठेले लागले, मे ते जुलै त्यांचा हंगाम. संत्र्याच्या गावचे आम्ही, वास घेऊन, दाबून पाहूनच घेतले. पेटी घरी पोचली तेव्हा तळाला चार उरले होते.