रहाटगाडगं की तीन वह्या: व्हर्च्युअल डिव्हाइससाठी रिंग कुठली घ्यावी?

व्हर्च्युअल मशीनसाठी स्वतःचं डिव्हाइस लिहायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: गेस्ट (आतली व्हर्च्युअल मशीन) आणि होस्ट (तिला चालवणारं खरं यंत्र) यांच्यामधल्या सामाईक मेमरीत रिंग, म्हणजे कामं देण्याघेण्याची गोल रांग, कुठली ठेवायची? स्वतःची नवी रचायची हौस असेल तर ती आवरा. एक अ‍ॅरे आणि दोन इंडेक्स, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. त्या हौसेचे नंतर दोन महिने गेले.

तयार पर्याय चार आहेत: व्हर्टआयओ या व्हर्च्युअल डिव्हाइसच्या मानकाची स्प्लिट रिंग, तिचीच धाकटी बहीण पॅक्ड रिंग, झेनची रिंग आणि हायपर-व्हीचा व्हीएमबस. शेवटच्या दोन तुम्ही निवडत नाही, तुमचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, निवडतो. खरी घासाघीस पहिल्या दोघींत आहे, म्हणून जास्त जागा त्यांनाच देतो.

स्प्लिट म्हणजे तीन वह्यांचा कारभार. रस्टी रसेल यांनी लिहिलेलं व्हर्टआयओ २००८च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मधून आलं, तेव्हापासूनची ही रचना. डिस्क्रिप्टर टेबलमध्ये बफरचा (डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागेचा) पत्ता, लांबी, फ्लॅग आणि पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक असतो. एक नोंद १६ बाइटची. अव्हेलेबल रिंगमध्ये गेस्टमधला ड्रायव्हर लिहितो, ‘हे बफर घे’. यूज्ड रिंगमध्ये डिव्हाइस लिहितं, ‘हे झालं, इतके बाइट लिहिले’. पहिल्या दोन वह्या फक्त ड्रायव्हर लिहितो, तिसरी फक्त डिव्हाइस. दुसऱ्याच्या वहीत कोणी पेन लावत नाही. २५६ नोंदींची रांग घेतली तर टेबल ४०९६ बाइटचं, अव्हेलेबल रिंग ५१८ आणि यूज्ड २०५४.

पॅक्ड म्हणजे सरळ रहाटगाडगं. भरलेलं मडकं वर जातं, रिकामं होऊन त्याच माळेवरून खाली येतं. २०१९च्या व्हर्टआयओ १.१ मध्ये ही रचना आली. त्याच वर्षीच्या लिनक्स ५.० मध्ये गेस्टचा ड्रायव्हर तयार होता. इथे वही एकच. ड्रायव्हर तिच्यात डिस्क्रिप्टर लिहितो आणि काम झालं की डिव्हाइस त्याच वहीत ‘झालं’ असं लिहितं. मडकं भरलेलं की रिकामं हे दोन बिट सांगतात. पण दुसऱ्या फेरीत मागच्या फेरीचेच बिट तिथे पडलेले असणार. म्हणून दोन्ही बाजू आपापल्याकडे एका बिटाचा रॅप काउंटर ठेवतात. तो १ पासून सुरू होतो आणि फेरी पूर्ण झाली की उलटतो. अव्हेलेबल बिट काउंटरशी जुळतो आणि यूज्ड बिट जुळत नाही, तर मडकं भरलेलं. दोन्ही जुळले तर रिकामं.

आता वेगाचं बघू. स्प्लिटमध्ये एक बफर उचलायला डिव्हाइसला अव्हेलेबल इंडेक्स (आतापर्यंत किती बफर दिले याचा आकडा), त्या रिंगमधली नोंद आणि टेबलमधला डिस्क्रिप्टर अशी तीन ठिकाणी चौकशी करावी लागते, आणि परत करताना यूज्ड रिंग वेगळी. पॅक्डमध्ये ६४ बाइटच्या एका कॅशलाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो त्या तुकड्यात) चार डिस्क्रिप्टर मावतात आणि फ्लॅगही तिथेच. पलीकडे खरं हार्डवेअर असेल, म्हणजे पीसीआयवरून थेट व्हर्टआयओ बोलणारं नेटवर्क कार्ड, तर टाळलेली प्रत्येक चौकशी पीसीआयवरची एक खेप वाचवते. तिथे पॅक्डला पर्याय शोधू नका. डीपीडीकेसारखं अख्खा कोअर खर्चून रिंगकडे डोळे लावून बसणारं सॉफ्टवेअर असेल तरीही पॅक्डकडेच कल ठेवा. पण काम तुरळक असेल तर एकाच कॅशलाइनवर दोघंही लिहितात आणि ती लाइन कोअरमधून कोअरकडे टोलवली जाते. सीरियल कन्सोल किंवा साध्या ब्लॉक डिव्हाइससाठी पॅक्ड घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा, कारण तो रात्री दोन वाजता समोर येतो. स्प्लिट रिंग अडकली की मेमरी डंप (मेमरीची जशीच्या तशी नक्कल) उघडायचा आणि दोन आकडे बघायचे. अव्हेलेबल इंडेक्स ४१२७, यूज्ड इंडेक्स ४११९: आठ बफर डिव्हाइसकडे अडकलेत. हे इंडेक्स १६ बिटचे, ६५५३५ नंतर पुन्हा शून्यावर येणारे, रिंगच्या आकाराशी न बांधलेले. साधी वजाबाकी पुरते. पॅक्डमध्ये असा आकडाच सामाईक मेमरीत नाही. कोण कुठवर पोचलाय हे ज्याच्या त्याच्या खासगी मेमरीत, रॅप काउंटरही तिथेच. डंपमध्ये तुम्ही फ्लॅग वाचत बसता आणि फेरी कुठली याचा अंदाज बांधता. बॅकएंड प्रोसेस (होस्टवर डिव्हाइसचं काम करणारी) कोसळून पुन्हा उठली तरीही हेच दुखणं: परत आलेलं मडकं डिव्हाइसने आधीच्या नोंदीवर लिहून टाकलेलं असतं, त्यामुळे अर्धवट कामांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. स्प्लिटमध्येही कामं उलटसुलट क्रमाने संपत असतील तर तो ठेवावा लागतोच, पण तो बराच सरळ.

बॅरिअरच्या, म्हणजे वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणाऱ्या सूचनेच्या, बाबतीत मात्र दोघी सारख्याच कडक. आमच्या बॅकएंडमध्ये अव्हेलेबल इंडेक्स वाचल्यावर डिस्क्रिप्टर वाचण्याआधीचा रीड बॅरिअर राहून गेला होता. एक्स८६वर तो कोड कित्येक महिने निमूट चालला, कारण तिथे प्रोसेसर वाचनांचा क्रम बदलत नाही. तोच कोड एआरएमच्या बोर्डावर गेला आणि अधूनमधून मागच्या फेरीतली लांबी दिसायला लागली. १५१४ बाइटच्या पॅकेटची लांबी ६० दिसते, तीही लाखात एकदा! दोष आम्ही नेटवर्क कार्डाला दिला, केबलला दिला, शेवटी स्वतःला.

दुसरी जागा याहून फसवी, आणि तिथे एक्स८६ही माफ करत नाही. ड्रायव्हर आधी इंडेक्स लिहितो, मग ‘घंटा वाजवू का?’, म्हणजे काम आल्याचं समोरच्याला कळवू का, हे वाचतो. डिव्हाइस आधी ‘घंटा वाजव’ असं लिहितं, मग इंडेक्स पुन्हा तपासतं. दोन्हीकडे या दोन पायऱ्यांमध्ये पूर्ण बॅरिअर नसेल तर दोघंही जुनी किंमत वाचून झोपी जातात आणि रांग कायमची थांबते. घंटा टाळण्यात खरा फायदा असतो, कारण गेस्टकडून होस्टकडे जाणारी प्रत्येक घंटा सहसा व्हीएम एक्झिट घडवते, म्हणजे गेस्ट थांबून ताबा होस्टकडे जातो. म्हणून हा भाग काढून टाकणं परवडत नाही. तो नीट लिहावाच लागतो.

झेनकडे बघण्यासारखं आहे ते विश्वासाच्या मुद्द्यावर. नेहमीचं व्हर्टआयओ बॅकएंडला गेस्टची सगळी मेमरी दिसते असं धरून चालतं. झेनमध्ये गेस्ट एकेक पान ग्रँट करून देतो. घराची किल्ली न देता एका खोलीची दिल्यासारखं. विनंत्या आणि उत्तरं मात्र ४ केबीच्या एकाच पानात, त्याच जागांवर. ब्लॉक डिव्हाइससाठी त्यात ३२ विनंत्या मावतात, प्रत्येकीत जास्तीत जास्त ११ पानं, म्हणजे ४४ केबी. वेगवान एसएसडीला हे अपुरं पडलं, म्हणून ग्रँट न मोडता पुन्हा वापरणं आणि इनडायरेक्ट डिस्क्रिप्टर (डेटा पानांची यादी वेगळ्या पानावर ठेवणारे) अशी ठिगळं नंतर लागली. तरीही २०१५च्या डिसेंबरमधल्या झेनच्या एक्सएसए-१५५ या सुरक्षा सूचनेचा धडा चारही रिंगांना लागू आहे: सामाईक मेमरीतली किंमत एकदाच वाचा, आपल्याकडे उतरवून घ्या, मग तपासा आणि मग वापरा. तपासायला एकदा आणि वापरायला पुन्हा वाचलीत तर मधल्या क्षणात समोरचा ती बदलू शकतो. कंपायलरही तुमच्या नकळत दोनदा वाचू शकतो.

व्हीएमबस हे वेगळंच प्रकरण आहे. प्रत्येक चॅनेलला दोन रिंगा, एक जाणारी, एक येणारी, आणि त्यांत ठरावीक आकाराच्या नोंदी नसून लहानमोठे निरोप एकामागोमाग. लिनक्सचा ड्रायव्हर तीच डेटा पानं लागोपाठ दोनदा मॅप करतो, त्यामुळे टोकावर तुटलेला निरोपही सलग वाचता येतो. ही युक्ती कुठेही उचलावी अशी आहे. हायपर-व्ही किंवा अझूरवर गेस्ट चालवायचा असेल तर व्हीएमबस घ्या. बाहेर त्याच्या वाटेला जाऊ नका.

केव्हीएमवर (लिनक्समधल्या हायपरव्हायझरवर) डिव्हाइस करणाऱ्याने स्प्लिटपासून सुरुवात करावी आणि मोजमापात कॅशलाइनचा खर्च स्पष्ट दिसला तरच पॅक्ड जोडावी, असं माझं मत. पॅक्डचा फीचर बिट (ही सोय आहे का हे सांगणारा बिट) ३४ आहे. डिव्हाइसने तो दिला नाही तर ड्रायव्हर मुकाट्याने स्प्लिटवर येतो, म्हणून ही भर पुढेही घालता येते. फक्त एक काळजी आजच घ्या. स्प्लिट रांगेचा आकार दोनाचा घात असावाच लागतो, त्यामुळे जागा काढायला इंडेक्सवर मास्क लावायची (फक्त खालचे बिट ठेवायची) सवय हाताला लागते. पॅक्डला ती अट नाही, रांग ३०० नोंदींचीही असू शकते. ती मास्कची ओळ चाळीस ठिकाणी पसरू देऊ नका. एकाच फंक्शनमध्ये ठेवा. उद्या त्याच फंक्शनमध्ये आकाराशी तुलना करून रॅप काउंटर उलटवायचा आहे.