लातूरच्या अभ्यासिकेतील यूएसबी नेटवर्क अडॅप्टर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूरमधील आमच्या अभ्यासिकेत नीट, जेईई आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसतात, आणि त्यांच्या नेटवर्कचा सगळा भार रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या, एकाच बोर्डावर मावणाऱ्या संगणकावर आहे. या बोर्डाला इथरनेटचे एकच पोर्ट असते. त्यात फायबर मोडेमकडून येणारी वायर जोडलेली असून खोलीतल्या स्विचकडे, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडणाऱ्या पेटीकडे, जाणाऱ्या वायरीसाठी यूएसबी पोर्टातून दुसरे इथरनेट पोर्ट देणारा गिगाबिट अडॅप्टर लावलेला आहे. त्याच बोर्डाला एक बाहेरची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, हीही जोडली आहे. तिच्यावर इंटरनेटशिवाय वाचनाची सोय करणाऱ्या किविक्सच्या साहाय्याने संपूर्ण मराठी विकिपीडिया आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठेवल्या आहेत, म्हणजे बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी मुलांचे वाचन थांबत नाही. दिवाळीनंतर उभारलेल्या या मांडणीने लातूरचा कडक उन्हाळा काढला आणि आता मृगाचा पाऊसही पाहिला, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते.

माझे मत आधीच सांगतो. अडॅप्टर उत्तम आहे, आणि त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात विजेच्या असतात. ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे लोक ड्रायव्हर बदलतात, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकतात, दुसरा अडॅप्टर विकत घेतात, आणि मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो.

अडॅप्टरमध्ये आरटीएल ८१५३ ही चिप आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, तिचा आर ८१५२ नावाचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) आधीपासूनच असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेत ०बीडीए:८१५३ असा क्रमांक दिसला की चिप ओळखली गेली असे समजावे. याच आज्ञेला झाडाच्या रूपात यादी मागितली तर दोन उपयोगी गोष्टी एकाच ओळीत मिळतात: कोणता ड्रायव्हर काम करतो आहे आणि उपकरण ५००० मेगाबिटच्या मार्गावर आहे की ४८० मेगाबिटच्या. हे पाहणे गरजेचे आहे, कारण पाय ४ वर निळी पोर्टे यूएसबी ३ ची आणि काळी यूएसबी २ ची असतात. नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फने मोजले तेव्हा निळ्या पोर्टात सेकंदाला नऊशे मेगाबिटच्या वर वेग मिळाला. काळ्या पोर्टात तोच अडॅप्टर तीनशेच्या थोडा वर जाऊन थांबला. आमच्या फायबर जोडणीचा वेग पाहता तीनशेही पुरेसे आहेत, परंतु एसएसडीवरच्या फाइली एकाच वेळी अनेकांनी उघडल्या की निळ्या पोर्टाचा फरक जाणवतो.

आता मुख्य अडचणीकडे येतो. हिवाळा संपता संपता एक तक्रार सुरू झाली. संध्याकाळी सहानंतर, खोली भरू लागली की, "सर, नेट गेलंय बघा" असे कोणी ना कोणी येऊन सांगत असे, आणि पाच-दहा सेकंदांत ते आपोआप परतही येई. गर्दीच्या वेळी घडते म्हणून दोष इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे गेला. पुढे ऊन वाढले तेव्हा तो उष्णतेकडे गेला. दोन्ही तर्क पटण्यासारखे होते, पण मोडेमला थेट जोडलेल्या लॅपटॉपवर इंटरनेट त्या क्षणीही चालू असे. उष्णतेचेही तसेच. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर आपला वेग कमी करू लागतो, आणि आमचे तापमान पत्र्याच्या छताखालीही पंख्यामुळे त्याच्या बरेच खाली होते.

उत्तर डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलने स्वतः लिहून ठेवलेल्या, नोंदींमध्ये होते; मात्र त्या नोंदी वेळेच्या क्रमाने वाचाव्या लागल्या. अडॅप्टर निखळल्याची ओळ शोधून तिथेच थांबले तर "यूएसबी २-१ डिस्कनेक्ट" एवढेच दिसते आणि अडॅप्टरच दोषी वाटतो. तिच्या वरच्या ओळी वाचल्या तेव्हा प्रत्येक वेळी एकच क्रम आढळला: आधी "अंडरव्होल्टेज डिटेक्टेड", लगेच एसएसडीच्या मार्गावर उणे ७१ ही त्रुटी, म्हणजे उपकरणाशी होणारा संवाद मध्येच बिघडल्याची खूण, मग अडॅप्टरचे निखळणे, काही सेकंदांनी "व्होल्टेज नॉर्मलाइज्ड", आणि शेवटी अडॅप्टर नव्या क्रमांकाने पुन्हा जोडला गेल्याची नोंद. बोर्डाजवळ उभे राहून पाहिले तर हेच डोळ्यांनाही दिसत असे. पायवरचा लाल दिवा विद्युतदाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की विझतो. संध्याकाळी मुले प्रश्नपत्रिका उघडू लागली की तो दिवा क्षणभर मिटत असे आणि पाठोपाठ अडॅप्टरचे दोन्ही दिवे जात. व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेने थ्रॉटलची, म्हणजे बोर्डाने वेग कमी केला आहे का याची, स्थिती विचारली असता ०एक्स५०००५ असे उत्तर आले. त्यातला शेवटचा ५ विद्युतदाब या क्षणी कमी असल्याचे आणि त्यामुळे प्रोसेसर मंदावल्याचे सांगतो. आधीचा ५ बोर्ड सुरू झाल्यापासून हे दोन्ही कधीतरी घडून गेल्याचे सांगतो. अडचण नसलेल्या वेळी ०एक्स५०००० दिसले तरी गाफील राहू नये, कारण त्याचा अर्थ दोष येऊन गेला आहे असा होतो.

कारण सरळ होते. पाय ४ ची चारही यूएसबी पोर्टे मिळून १.२ अँपिअरपर्यंतच प्रवाह देऊ शकतात, आणि तोही बोर्डाला मिळणारी वीज चांगली असेल तेव्हाच. आमच्याकडे मोबाईलचा चार्जर आणि लांब, बारीक तारेची चार्जिंग केबल लावलेली होती. एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि त्यांतली एक मोठी असली की दुसरीच्या पाइपात हवा यावी, तसे एसएसडीने जोरात वाचन सुरू केले की अडॅप्टरचा पुरवठा तुटत असे. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आणि केबल अंगचीच असलेला वीजपुरवठा आणून लावला. एसएसडी वेगळ्या, स्वतःची वीज असलेल्या यूएसबी हबवर (जादा पोर्टे देणाऱ्या पेटीवर) नेली. त्यानंतर संध्याकाळची तक्रार बंद झाली आणि मेच्या अखेरच्या आठवड्यांतही परत आली नाही.

असा हब घेताना एक गोष्ट तपासावी. काही हब स्वतःची वीज उलट्या दिशेने बोर्डाकडे ढकलतात. बोर्डाचा वीजपुरवठा काढल्यावरही लाल दिवा पेटलेला राहिला तर तो हब या कामाचा नाही, कारण अशा स्थितीत बोर्ड नीट बंदही होत नाही आणि नीट सुरूही होत नाही.

वीज सुधारल्यावर दुसरा, लहान दोष उघडा पडला. रात्रभर खोली रिकामी राहिली की पहाटे येणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्याला नेटवर्क जोडलेले असल्याचे चिन्ह दिसे, स्विचचे दिवेही पेटलेले असत, पण एकही पान उघडत नसे. अडॅप्टर काढून पुन्हा लावला की सगळे सुरळीत. नोंदींमध्ये या वेळी विद्युतदाबाची तक्रार नव्हती, निखळण्याचीही नव्हती. बोर्डावर वीजबचतीसाठी पॉवरटॉपची स्वयंचलित सेवा चालू होती आणि ती सुरुवातीलाच प्रत्येक यूएसबी उपकरणाची पॉवर कंट्रोल ही खूण "ऑन" वरून "ऑटो" वर नेत असे, म्हणजे काम नसताना उपकरणाला झोपण्याची मुभा देत असे. अडॅप्टर झोपत होता आणि नीट जागा होत नव्हता. लिनक्स आपणहून अशी मुभा अडॅप्टरला देत नाही, म्हणून ती सेवा बंद करणे एवढाच उपाय पुरला. ज्यांना ती सेवा ठेवायची आहे त्यांनी कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत यूएसबीकोअर ऑटोसस्पेंडची किंमत उणे १ ठेवून प्रश्न सुटला असे समजू नये, कारण पॉवरटॉप नंतर येऊन खूण पुन्हा बदलू शकतो. दोन्ही ठिकाणी पाहावे.

नावांचा घोळ यापेक्षा त्रासदायक आहे. एकच यूएसबी अडॅप्टर असेपर्यंत त्याला ईटीएच १ हे नाव मिळत राहते. प्रशिक्षणासाठी आम्ही दुसरा जोडला तेव्हा बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर दोघांची नावे अदलाबदल झाली आणि स्विचकडे जाणारे पोर्ट भलत्याच नियमांखाली गेले. लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टीमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये एक लिंक फाइल लिहून, तिच्यात अडॅप्टरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणावर कोरलेला ओळखक्रमांक, देऊन, त्याला कायमचे वेगळे नाव दिले की हा प्रश्न मिटतो. स्वस्त अडॅप्टरांच्या बाबतीत मात्र दोन नगांवर एकच मॅक पत्ता निघू शकतो; तेव्हा नाव मॅक पत्त्यावरून न देता तो कोणत्या पोर्टात आहे त्या मार्गावरून द्यावे आणि पोर्टाजवळ रंगाची पट्टी चिकटवावी.

येथेच आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएस या बोर्डाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नेटवर्कचे काम डीएचसीपीसीडीऐवजी नेटवर्कमॅनेजर पाहतो. जुन्या सूचनांप्रमाणे डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी काहीच घडत नाही, आणि अडॅप्टर चालत नाही असा समज होतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या पोर्टाची आयपीव्ही ४ पद्धत "शेअर्ड" ठेवली की बोर्ड स्वतः १०.४२.०.१ हा पत्ता घेतो आणि बाकीच्यांना पत्ते वाटू लागतो. लहान अभ्यासिकेसाठी एवढे पुरते.

यूएसबी वायफाय डोंगल का घेतला नाही, असे मला अनेकांनी विचारले. आरटीएल ८८१२एयू सारख्या चिपचे ड्रायव्हर बराच काळ कर्नलच्या बाहेर होते आणि कर्नल अद्ययावत झाला की ते पुन्हा बांधावे लागत. परीक्षेच्या आदल्या रात्री हे काम कोणाच्या वाट्याला येऊ नये. वायफायच हवे असेल तर एमटी ७६१२यू चिप पाहावी, कारण तिचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आतच आहे. आमच्या बोर्डाचे स्वतःचे वायफाय आम्ही फक्त कार्यालयातील फोनसाठी वापरतो, तेही ५ गिगाहर्ट्झवर, कारण यूएसबी ३ च्या जोडण्यांचा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना उपद्रव होतो.

एक अडचण अजून शिल्लक आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो त्या क्षणार्धात बोर्ड कधी कधी पुन्हा सुरू होतो आणि अडॅप्टर त्याच्याबरोबर. त्यासाठी मोडेम, बोर्ड आणि हब हे तिन्ही एका लहान डीसी यूपीएसवर नेण्याचे काम हाती घेतले आहे. बोर्डाला ५.१ व्होल्ट लागतात आणि मोडेमला १२, म्हणून दोन वेगवेगळे आउटपुट असलेला यूपीएस निवडला असून घेण्यापूर्वी एसएसडी वाचत असताना ५ व्होल्टच्या तारेवरचा दाब मीटरने मोजून पाहणार आहे.